इक्वेडोरची खासगी सहल : अँडीजचे पठार, ज्वालामुखी आणि वसाहतकालीन शहरे – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्विटो ते कुएन्का या दोन आठवड्यांच्या मार्गाची आखणी करताना मराठी प्रवासी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तो विषय दोन ओळींत सांगून चालत नाही. उंचीविषयीचे उत्तर तर कृपया कोणीही वगळू नये.

दक्षिण अमेरिका म्हटली की पेरू आठवते. मग इक्वेडोरच का?

माचूपिक्चू पाहणे हे आयुष्यभराचे स्वप्न असेल, तर पेरूलाच जावे; त्याला पर्याय नाही. मात्र डोंगर, जिवंत ज्वालामुखी, आदिवासी बाजार आणि स्पॅनिश काळातील शहरे हे सारे थोड्या अंतरात पाहायचे असेल, तर इक्वेडोरइतका सोयीचा देश सापडणे कठीण आहे. हा देश क्षेत्रफळाने महाराष्ट्राहूनही लहान आहे. अँडीजच्या दोन रांगा येथे उत्तर-दक्षिण अशा जवळजवळ समांतर धावतात आणि मधल्या लांबट खोऱ्यात बहुतेक जुनी गावे वसलेली आहेत. १८०२ मध्ये या खोऱ्यातून फिरलेल्या जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टच्या नावाशी ‘ज्वालामुखींचा राजमार्ग’ हे वर्णन कायमचे जोडले गेले आहे. आजचा हमरस्ताही त्याच खोऱ्यातून जातो, त्यामुळे आकाश मोकळे असेल तर गाडीच्या दोन्ही बाजूंना हिमाच्छादित शिखरे दिसत राहतात. ‘असेल तर’ हे शब्द मुद्दाम लिहिले आहेत. ढगांची हमी कोणीही देऊ शकत नाही.

खासगी सहल म्हणजे नेमके काय? चाळीस जणांच्या बसपेक्षा तिच्यात काय वेगळे असते?

केवळ तुमच्या कुटुंबासाठी किंवा मित्रमंडळींसाठी एक गाडी, एक चालक आणि एक परवानाधारक गाईड, असे तिचे साधे स्वरूप असते. दोघेच प्रवासी असतील तर चालक आणि गाईड ही एकच व्यक्ती असू शकते. चार किंवा अधिक माणसे असतील तर दोन वेगळी माणसे घ्यावीत, असे आमचे मत आहे, कारण घाटात गाडी चालवणाऱ्याने मान वळवून इतिहास सांगावा, हे कोणालाच परवडणारे नाही.

खरा फरक आरामाचा नाही, वेळापत्रकाचा आहे. कोटोपाक्सी ज्वालामुखी सकाळी सहा वाजता स्वच्छ दिसतो आणि अनेकदा दहापर्यंत ढगांत जातो. मोठ्या गटाची न्याहारीच साडेआठला आटोपते. शिवाय एखाद्याचे डोके दुखू लागले, तर खासगी सहलीत त्या दिवशीचा चढ रद्द करून खाली उतरता येते आणि त्यासाठी इतर छत्तीस जणांची मनधरणी करावी लागत नाही. हा मोकळेपणा वापरायचा नसेल आणि प्रत्येक तास आधीच बांधून हवा असेल, तर खासगी सहलीचा जादा खर्च करू नये.

मार्ग साधारण कसा असतो?

आम्ही सुचवतो तो मार्ग तेरा रात्रींचा आहे. पहिल्या तीन रात्री क्विटोत, दोन ओतावालोत, दोन कोटोपाक्सीच्या पायथ्याच्या परिसरात, दोन बान्योसला, एक रिओबांबाला आणि शेवटच्या तीन कुएन्कात. तेथून विमानाने सुमारे तासाभरात क्विटोला परत येता येते. ओतावालोचा मोठा बाजार शनिवारी भरत असल्याने आम्ही मंगळवारी क्विटोत उतरणे पसंत करतो. आठवड्याचा उरलेला क्रम त्या शनिवारवरून आपोआप ठरतो.

कोटोपाक्सीजवळच्या मुक्कामातील एक दिवस किलोतोआसाठी ठेवावा. सुमारे आठशे वर्षांपूर्वीच्या प्रचंड उद्रेकानंतर तयार झालेल्या विवरात आज जवळजवळ तीन किलोमीटर रुंदीचे हिरवट-निळे तळे आहे. काठावरून पाण्यापर्यंत उतरायला अर्धा-पाऊण तास पुरतो, वर चढायला मात्र त्याच्या दुप्पट वेळ आणि तिप्पट दम लागतो. चढताना खेचर भाड्याने मिळते आणि ते घेण्यात कोणताही कमीपणा नाही.

या भागात पूर्वीच्या जमीनदारी वाड्यांची, म्हणजे आसिएन्दांची, हॉटेले झाली आहेत. जाड भिंती, शेकोट्या आणि अंगणातली निलगिरीची झाडे पाहून मन प्रसन्न होते. तरीही याच वाड्यांच्या जमिनीवर आदिवासी कुटुंबे तुकडाभर शेताच्या मोबदल्यात पिढ्यान् पिढ्या वेठीला राबली आणि ती पद्धत कायद्याने १९६४ च्या जमीन सुधारणेत संपली, हे गाईडला विचारल्याशिवाय तो बहुधा सांगणार नाही. अवश्य विचारावे.

उंचीचा त्रास होतो का? लेहला जाऊन आलेल्यांनीही काळजी घ्यावी का?

होय. या सहलीचा खरा कारभारी उंची हीच आहे. हॉटेल, जेवण आणि प्रेक्षणीय स्थळे तिच्या हुकमानुसार मांडावी लागतात. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटरवर आहे आणि क्विटोचा मुख्य चौक २,८५० मीटरवर. म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच जागेपेक्षाही बाराशे मीटर वर तुम्ही पहिल्याच रात्री झोपणार असता. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे सत्तर टक्के असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायू तेवढाच कमी मिळतो. हॉटेलचा एक जिना चढून धाप लागली तर घाबरू नये. शरीर हिशेब जुळवून घेत असते.

लेहला पूर्वी त्रास झाला नाही, याचा अर्थ येथेही होणार नाही असा नाही. पूर्वीचा सराव काही आठवड्यांत निघून जातो, आणि तंदुरुस्त तरुणालाही त्रास होऊ शकतो. किंबहुना तरुणांना तो अधिक वेळा होताना दिसतो, कारण ते पहिल्याच दिवशी केबल कारने सुमारे चार हजार मीटरवर पिचिंचा ज्वालामुखीच्या कुशीत जातात आणि वर पोहोचल्यावर धावतात.

म्हणून क्विटोतील पहिला दिवस जवळजवळ मोकळा ठेवला आहे. भरपूर पाणी प्यावे, रात्री हलके जेवावे आणि पहिले दोन दिवस मद्य टाळावे. तिसऱ्या रात्रीनंतर आपण २,५०० मीटरच्या आसपासच्या ओतावालोत झोपतो आणि त्यानंतरच कोटोपाक्सीकडे वळतो. तेथेही गाडीतळ सुमारे ४,६०० मीटरवर आणि गिर्यारोहकांचे विश्रामगृह ४,८६४ मीटरवर असले, तरी मुक्काम बराच खाली असतो. उंच जावे आणि खाली झोपावे, हा गिर्यारोहकांचा नियम येथे शब्दशः पाळला आहे. त्यानंतर येणारे बान्योस केवळ १,८०० मीटरवर आहे आणि तेथे पोहोचल्यावर बहुतेकांना बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागते.

अॅसिटाझोलामाइड हे औषध अनेक डॉक्टर देतात, परंतु सल्फा औषधांची अॅलर्जी असलेल्यांनी ते विशेष जपून घ्यावे लागते, आणि रक्तदाबाच्या गोळ्या सुरू असतील तर दोन्हींचा मेळ डॉक्टरांनीच घालावा. चाल अडखळणे, बोलण्यात गोंधळ होणे, बसल्या जागी दम लागणे ही लक्षणे दिसली, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरावे लागते. अशा वेळी गाईडचा शब्द अंतिम राहील, हे आम्ही निघण्यापूर्वीच सर्वांकडून कबूल करून घेतो.

आई-वडील सत्तरीच्या घरात आहेत. त्यांना न्यावे का?

हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार नसेल आणि डॉक्टरांनी लेखी संमती दिली असेल, तर न्यावे. कोटोपाक्सीच्या विश्रामगृहाऐवजी त्यांनी सुमारे ३,८०० मीटरवरील लिंपिओपुंगो तळ्याभोवतीचा सपाट फेरफटका घ्यावा. पर्वत तेथून अधिक देखणा दिसतो, हे आमचे प्रामाणिक मत आहे. अगदी लहान मुलांना मात्र आणू नये, कारण डोके दुखते आहे हे त्यांना नीट सांगता येत नाही.

ज्वालामुखी जागे आहेत. मग धोका नाही का?

धोका आहे, आणि तो मोजला जातो. क्विटोच्या राष्ट्रीय पॉलिटेक्निक विद्यापीठाची भूभौतिक संस्था प्रमुख ज्वालामुखींवर सतत नजर ठेवते आणि तिच्या सूचनेनुसार उद्यानाचे काही भाग बंद केले जातात. ५,८९७ मीटर उंचीचा कोटोपाक्सी ऑगस्ट २०१५ मध्ये जागा झाला आणि २०२२ च्या अखेरीस पुन्हा राख सोडू लागला. त्याच्या लाव्ह्याहून अधिक भय हिम वितळून धावत सुटणाऱ्या चिखलाचे वाटते. १८७७ च्या उद्रेकात या चिखलाने लाताकुंगा गाव उद्ध्वस्त केले आणि एक लोंढा नदीवाटे थेट प्रशांत महासागरापर्यंत पोहोचला.

बान्योसच्या डोक्यावरचा तुंगुराहुआ १९९९ पासून २०१६ पर्यंत कमी-अधिक धुमसत होता. १९९९ मध्ये सरकारने सारे गाव रिकामे केले, आणि काही महिन्यांतच गावकरी पहारे ओलांडून आपापल्या घरी परतले. आज तेथील गरम पाण्याच्या कुंडांत लोक संध्याकाळी निवांत बसलेले दिसतात, ते पाणीही त्याच ज्वालामुखीचे देणे आहे.

चिंबोराझो मात्र शांत आहे. ६,२६३ मीटर उंचीचा हा पर्वत एव्हरेस्टपेक्षा कितीतरी ठेंगणा आहे, परंतु पृथ्वी विषुववृत्ताजवळ फुगीर असल्याने त्याचे शिखर पृथ्वीच्या केंद्रापासून एव्हरेस्टच्या शिखरापेक्षा सुमारे दोन किलोमीटर अधिक दूर आहे. हुम्बोल्टला १८०२ मध्ये शिखर गाठता आले नाही. ते इंग्लिश गिर्यारोहक एडवर्ड व्हिम्परने कारेल आडनावाच्या दोघा वाटाड्यांसमवेत १८८० मध्ये गाठले. याच पर्वताच्या हिमनदीतून बर्फाच्या लाद्या तोडून, गवतात गुंडाळून, गाढवावरून रिओबांबाच्या बाजारात आणणारे बाल्तासार उश्का २०२४ मध्ये वारले. त्यांच्या मागे तो व्यवसाय जवळजवळ संपलाच. माळरानावर चरणाऱ्या, लामाच्या कुळातल्या विकुन्या मात्र वाढत आहेत. येथून नाहीशा झालेल्या या प्राण्यांना १९८८ पासून बाहेरून आणून पुन्हा वसवण्यात आले.

वसाहतकालीन शहरांत चर्चशिवाय काही आहे का?

हा प्रश्न आम्हाला आवडतो, कारण तो बहुतेक जण संकोचाने विचारतात. चर्च पुष्कळ आहेत आणि दुसऱ्या दिवशी सोन्याचा मुलामा पाहून डोळे थकतात, हे खरे आहे. म्हणून क्विटोत दोनच चर्चना नीट वेळ द्यावा. पहिले येशूसंघाचे ला कोंपान्यिया. १६०५ मध्ये सुरू झालेले हे काम १७६५ पर्यंत चालले आणि आतील भिंत-छत सोन्याच्या वर्खाने झाकलेले आहे. दुसरे सान फ्रान्सिस्को, जेथे बेर्नार्दो दे लेगार्दाने १७३४ मध्ये घडवलेली पंख असलेली मेरी आहे. स्पॅनिश धर्मगुरूंनी कला शिकवली आणि आदिवासी व मिश्रवंशी कारागिरांनी ती आपल्या हाताने वळवली. मूर्तींच्या चेहऱ्यांत आणि नक्षीतल्या फळांत ते दिसते. गोव्यातील जुन्या चर्चांच्या लाकडी वेदींवर स्थानिक कारागिरांचा हात पाहिलेल्या वाचकांना ही ओळख चटकन पटेल. तिसरे पाहायचेच असेल तर बासिलिका पाहावी. तिच्या भिंतींवर युरोपीय राक्षसांच्या जागी इग्वाना, कासवे आणि खवलेधारी आर्माडिलो आहेत.

क्विटोचे हे जुने शहर १९७८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या अगदी पहिल्या यादीत आले. स्पॅनिश शहराची स्थापना १५३४ ची आहे, पण ते ओसाड जागी उभे राहिले नाही. इंका सेनापती रुमिन्यावीने स्पॅनिश फौज येण्यापूर्वीच येथील इंका नगर जाळून टाकले होते. नकाशात आपण ‘क्विटो’ वाचतो, तेथे मात्र ‘कीतो’ म्हणतात.

कुएन्का निराळ्या स्वभावाचे शहर आहे. १५५७ मध्ये वसवलेले आणि १९९९ पासून जागतिक वारसा असलेले हे शहर तोमेबांबा नदीच्या उंच काठावर पसरले आहे. निळ्या घुमटांचे मोठे कॅथेड्रल, नदीकडे पाठ करून उभी असलेली जुनी घरे, आणि पुमापुंगो येथील इंका अवशेष एका दिवसात पायी पाहून होतात. आम्ही तरीही तीन रात्री ठेवतो. दोन आठवड्यांच्या धावपळीनंतर नदीकाठच्या बाकावर बसून राहणे हाही सहलीचा भाग आहे, आणि उरलेल्या वेळात चार हजार मीटरच्या आसपासचे काहास उद्यान, तेथील शेकडो तळ्यांसह, अर्ध्या दिवसात पाहता येते. रिओबांबाहून येताना इंगापिर्काला थांबावे. कान्यारी लोकांच्या जागेवर इंकांनी उभारलेले तेथील लंबवर्तुळाकार सूर्यमंदिर लहान आहे. माचूपिक्चूशी तुलना करीत गेल्यास निराशा होईल.

विषुववृत्तावर उभे राहून फोटो काढता येईल का?

येईल. मात्र प्रसिद्ध स्मारक प्रत्यक्ष विषुववृत्तापासून सुमारे २४० मीटर दूर आहे. पृथ्वीचा आकार मोजण्यासाठी १७३६ मध्ये येथे आलेल्या फ्रेंच शास्त्रज्ञांच्या मोहिमेची ती आठवण आहे आणि त्या दृष्टीने ते पाहण्यासारखे आहे. जवळपास बेसिनमधील पाणी दोन बाजूंना उलटसुलट फिरवून दाखवतात, ती हातचलाखी आहे. पाणी कसे ओतले यावर ते फिरणे अवलंबून असते.

आम्ही शाकाहारी आहोत. जेवणाचे काय?

उपाशी राहणार नाही, पण सावध राहावे लागेल. बटाटा, मका, केळी, शेंगा आणि ताजे चीज हा डोंगराळ भागाचा पाया आहे. लोक्रो दे पापा हे बटाट्याचे दाट सूप, चीज भरलेल्या बटाट्याच्या टिक्क्या म्हणजे यापिंगाचो, उकडलेला मोते मका, मक्याच्या पानात उकडलेली उमिता आणि तळलेल्या कच्च्या केळ्याचे पाताकोन हे सर्व चवीने खाण्यासारखे आहे. अडचण अशी की सूप कोंबडीच्या रश्शात शिजवलेले असू शकते आणि टिक्क्या डुकराच्या चरबीत परतल्या जातात. ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, एवढे सांगितले तर समोरचा प्रामाणिकपणे कोंबडी वाढतो, कारण त्याच्या लेखी कोंबडी हे मांस नव्हे. म्हणून गाईडने प्रत्येक स्वयंपाकघरात रस्सा आणि चरबी यांविषयी स्वतंत्रपणे विचारावे, अशी लेखी सूचना आम्ही देतो. अख्खा भाजलेला गिनीपिग बाजारात दिसेल. तो येथील सणासुदीचा मानाचा पदार्थ आहे, तेव्हा तोंड वेडेवाकडे करू नये.

कांदा-लसूण वर्ज्य असलेल्यांची अधिक ओढाताण होते, आणि कंदमुळे न खाणाऱ्या जैन प्रवाशांनी स्वयंपाकघर असलेला मुक्काम मागावा. उलट आपल्या उपवासाच्या ताटातील बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची आणि साबुदाणा ज्यापासून होतो तो कसावा हे सर्व मुळात अमेरिका खंडातले आहे. एकादशीची यादी घेऊन ओतावालोच्या भाजीबाजारात उभे राहिले, तर शेंगदाण्याच्या कूटासह बहुतेक सामान मिळते.

बाजारात घासाघीस करावी का? आणि पनामा हॅट येथे का विकतात?

थोडी करावी, रक्त आटेपर्यंत नाही. ओतावालोचे किच्वा आदिवासी विणकर पिढ्यान् पिढ्यांचे व्यापारी आहेत आणि त्यांना आपल्याइतकाच हिशेब कळतो. हातमागाचे हवे असेल तर विणकराच्या घरी जावे; बाजारातला बराच माल यंत्रावरचा असतो. पनामा हॅट ही मुळात इक्वेडोरचीच. तोकिया गवताची ही टोपी पनामामार्गे जगात गेली आणि त्या बंदराचे नाव तिला चिकटले. कुएन्का हे तिच्या व्यापाराचे मोठे केंद्र आहे आणि ही विणकाम-परंपरा २०१२ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली.

कोणत्या महिन्यांत जावे आणि कपडे कोणते घ्यावेत?

जून ते सप्टेंबर हा पठारावरचा कोरडा काळ आहे, वारा मात्र बोचरा असतो. डिसेंबर-जानेवारीतही बरे दिवस मिळतात. फेब्रुवारी ते मे दुपारचा पाऊस गृहीत धरावा. वर्षभर सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. एकाच दिवसात ऊन, गारठा आणि पाऊस भेटत असल्याने एक जाड कोट घेण्यापेक्षा तीन पातळ थर घ्यावेत. ऊन फसवे असते. हवा थंड असली तरी तासाभरात नाक भाजते. वीज १२० व्होल्टची आणि प्लग अमेरिकी पद्धतीचे आहेत.

सध्या सुरक्षितता कशी आहे?

जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष दानिएल नोबोआ यांनी टोळ्यांविरुद्ध ‘अंतर्गत सशस्त्र संघर्ष’ घोषित केला. त्या हिंसेचा मुख्य भार ग्वायाकील हे बंदर आणि किनारपट्टीच्या प्रांतांवर आहे. म्हणूनच आमचा मार्ग डोंगरांतच राहतो, आणि काहासमार्गे ग्वायाकीलला उतरण्याऐवजी कुएन्काहून विमान घेतो. क्विटोतही रात्री जुन्या शहरात पायी फिरू नये, टॅक्सी हॉटेलकडूनच मागवावी.

डोंगरांतली खरी अडचण वेगळी आहे. २०१९, २०२२ आणि २०२५ मध्ये झालेल्या आदिवासी संघटनांच्या आंदोलनांत हमरस्ते कित्येक दिवस बंद होते, आणि शेवटच्या वेळी ओतावालोचा प्रांतच केंद्रस्थानी होता. परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानापूर्वी एक रात्र क्विटोत राखून ठेवणे त्यामुळे शहाणपणाचे ठरते.

‘सैतानाचे नाक’ ही प्रसिद्ध आगगाडी मार्गात आहे का?

नाही. २०२० मध्ये सरकारी रेल्वे कंपनी मोडीत काढण्याचा निर्णय झाला. गाडी पुन्हा सुरू झाल्याच्या बातम्यांवर सहल बेतू नये.

गॅलापागोस जोडावे का?

हाताशी आणखी किमान पाच दिवस असतील तरच. बेटे किनाऱ्यापासून सुमारे हजार किलोमीटर दूर आहेत आणि परदेशी प्रौढांसाठी उद्यान प्रवेशशुल्क ऑगस्ट २०२४ पासून २०० डॉलर आहे.

खर्च कसा ठरतो आणि पैसे कोणते न्यावेत?

गाडी, चालक आणि गाईड यांचा खर्च माणसांच्या संख्येवर अवलंबून नसतो, त्यामुळे दोघांपेक्षा चौघांना दरडोई सहल बरीच स्वस्त पडते. दरपत्रकात गाईडचे जेवण-मुक्काम, देशांतर्गत विमान आणि प्रवेशशुल्क धरले आहे का, हे स्पष्ट विचारावे. बक्षिसी सहसा धरलेली नसते. २००० पासून देशाचे चलन अमेरिकी डॉलरच आहे. एक, पाच आणि दहाच्या नोटा न्याव्यात. पन्नास-शंभरची नोट गावातील दुकानदार घेत नाही.

व्हिसा आणि विमानाचे काय?

भारतीय पासपोर्टधारकांना २०१९ पासून आधी व्हिसा घ्यावा लागतो. इक्वेडोरचा दूतावास नवी दिल्लीत आहे. मुंबईहून थेट विमान नाही. ॲमस्टरडॅम किंवा माद्रिदमार्गे जाणे सोयीचे पडते. अमेरिकेमार्गे केवळ विमान बदलायचे असले तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो, आणि युरोपातील विमानतळासाठी ट्रान्झिट व्हिसा हवा का, हे तिकीट काढण्यापूर्वी तपासावे.

पीतज्वराची लस खरोखर लागते का? आपण तर थंड डोंगरांत जाणार आहोत.

डोंगरांत हा ताप पसरवणारा डास नसतो, हे बरोबर आहे. पण बान्योसहून पूर्वेकडे धबधबे पाहायला उतरताना आपण ॲमेझॉनच्या उंबरठ्यावर येतो. शिवाय भारत सरकारच्या लेखी इक्वेडोर हा पीतज्वराचा देश आहे, तुम्ही तेथे कितीही उंचावर राहिला असलात तरी. परतताना लसीचे पिवळे पुस्तक दाखवता आले नाही, तर विमानतळावरून घरी न सोडता सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. लस केवळ सरकारमान्य केंद्रांतच मिळते, वेळ आधी घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरले जाते. ते आता आयुष्यभर चालते, म्हणून आफ्रिकेच्या सहलीसाठी पूर्वी घेतले असेल तर कपाटातून शोधून काढावे. ते सामानात न टाकता पासपोर्टच्या पाकिटातच ठेवावे.